ट्रेलरच्या गॅसच्या टाक्या, २०२५ च्या नोंदी

१५ मार्च, शनिवार

आज ट्रेलरवरचं कव्हर काढलं. मागच्या सप्टेंबरात सेकंडहँड घेतलेला २०१३ चा १९ फुटी ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं छोटं घरच, न्यू जर्सीचा एक हिवाळा आमच्याकडे ड्राइव्ह-वेवर काढला त्याने. छप्पर ठीक, टायर ठीक, पण या वर्षी मी पहिलं काम गॅसचं काढायचं ठरवलंय, कारण ऑक्टोबरातली ती रात्र मी विसरलेलो नाही. रात्री तीन वाजता फर्नेस, म्हणजे गॅसवरचा हीटर, बंद पडली, बाहेर ३४ फॅरनहाइट (सेल्सिअसमध्ये जेमतेम १), लेक झोपेत कुडकुडत होती आणि मी टॉर्च तोंडात धरून टाक्यांशी झटत होतो. एक टाकी संपलेली आणि दुसरीचा व्हॉल्व्ह बंद. नवीन माणसाला हे कुणी सांगत नाही, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय.

समोरच्या त्रिकोणी फ्रेमवर २० पाउंडवाल्या, म्हणजे तेवढा प्रोपेन गॅस मावणाऱ्या, दोन स्टीलच्या टाक्या आहेत. आज त्या भरून आणायला गेलो तर काउंटरवरच्या बाईने वरच्या कॉलरवरचा शिक्का बघितला आणि भरायला साफ नकार दिला. शिक्का ०२-१३. इथल्या नियमाने टाकी बनवल्यापासून १२ वर्षांत परत तपासून घ्यावी लागते, आमची मुदत गेल्या महिन्यात संपली. बाईने अगदी बरोबर केलं, चूक माझी, विकत घेताना टायर वाकून वाकून बघितले आणि हा शिक्का बघायचं सुचलं नाही.

संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉलवर टाकी दाखवली. बाबा म्हणाले, "अरे, ही तर २०१३ सालीच एक्सपायर झालीय!" त्यांचा हिशोब नाशिकचा. आपल्याकडे सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी आणि वर्ष असतं, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, आणि ती तारीख पुढच्या तपासणीची असते. इथे मात्र शिक्का बनवल्याच्या महिन्याचा, पुढचे १२ आपण मोजायचे. भारतातून आलेल्या कुणालाही हा घोळ होणारच.

२२ मार्च, शनिवार

प्रोपेनच्या डीलरकडे जाऊन आलो. टाकी परत पास करून घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे बाहेरून तपासणी: गंज, खड्डे, पोचे, खालची कडी, व्हॉल्व्ह हे सगळं बघतात आणि ठीक असेल तर नवीन तारखेपुढे ई मारतात, मग ५ वर्षं चालते. त्याने दोन्ही टाक्या उलट्या केल्या. एकीच्या बुडाच्या कडीत गंजाने बोट जाईल एवढे खड्डे पडलेले, दुसरी बरी होती पण फार काही नाही. तो म्हणाला पास करून देतो एक, पण पैसे टाकायचेच तर नवीनवर टाका. मलाही पटलं. दोन्ही त्याच्याकडेच सोडल्या, कारण प्रोपेनची टाकी कचऱ्यात टाकता येत नाही.

आता प्रश्न कोणती घ्यायची. बायकोचं म्हणणं स्पष्ट, "३० पाउंडवाल्या घे, मला परत तशी रात्र नकोय." ३० वालीचा घेर २० एवढाच असतो, साधारण १२ इंच, त्यामुळे त्याच ट्रेमध्ये बसते, फक्त उंच असते म्हणून मधला रॉड आणि वरचं कव्हर बदलावं लागतं. म्हणजे बसायची अडचण नाही. अडचण वजनाची आहे.

२३ मार्च, रविवार

सकाळी चहा घेऊन वही काढली आणि हिशोब मांडला, इथेच उतरवून ठेवतो.

२० पाउंडवाली रिकामी साधारण १७ पाउंड, भरली की ३७. ३० वाली रिकामी २५ च्या आसपास, भरली की ५५. म्हणजे दोन टाक्यांमागे ३६ पाउंड जास्त, आणि तेही अगदी पुढे, गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडावर. आमच्या एसयूव्हीची हिचवरची मर्यादा ५०० पाउंड आहे आणि मागच्या वर्षी काट्यावर मोजलं तेव्हा दोन्ही टाक्या भरलेल्या असताना ४५५ भरलं होतं. त्यात ३६ घातले की ४९१. मर्यादेच्या आत आहे हे खरं, पण मला पुढे दुसरी बॅटरी लावायचीय, मग कुठे जाणार? हिचवर जास्त वजन झालं तर गाडीचं मागचं बूड बसतं, पुढच्या चाकांची पकड कमी होते. तिथे मी तडजोड करणार नाही.

आता गॅस किती लागतो ते. एक पाउंड प्रोपेनमध्ये साधारण २१,६०० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक), म्हणजे २० पाउंडात ४,३२,०००. आमची फर्नेस तासाला १८,००० खाते. थंड रात्री दहा तासांतले पाच तास प्रत्यक्ष जळते असं धरलं तर ९०,०००. फ्रिज गॅसवर तासाला १,५०० च्या आसपास, दिवसाचे ३६,०००. गरम पाणी आणि स्वयंपाक मिळून आणखी २०,००० धरू. एकूण दिवसाला १,४६,०००, म्हणजे एक भरलेली टाकी जेमतेम तीन दिवस, दोन मिळून सहा. आम्ही चार रात्रींपेक्षा जास्त जातच नाही.

मग ऑक्टोबरात दुसऱ्याच रात्री का संपली? कारण ती एक्सचेंजची होती, म्हणजे रिकामी देऊन दुकानाच्या पिंजऱ्यातून भरलेली उचललेली. एक्सचेंजच्या टाकीत बहुतेक ठिकाणी १५ पाउंडच भरलेले असतात, लेबलवर लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. दोन दिवसांचाच गॅस होता तो, आणि दुसरीचा व्हॉल्व्ह मीच बंद ठेवलेला.

बायकोला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली ठीक आहे, पण थंडीत दोन्ही व्हॉल्व्ह उघडे राहतील हे तू बघायचंस. ठरलं, २० च्याच दोन, नवीन, स्टीलच्या. अॅल्युमिनियमच्या गंजत नाहीत आणि चार-पाच पाउंड हलक्या असतात, पण बऱ्याच महाग आहेत आणि तपासणी त्यांनाही चुकत नाही. शिवाय भरलेली २० वाली बायको एकटी उचलून ट्रेमध्ये ठेवू शकते, ५५ पाउंडांचं धूड तिला मी उचलू देणार नाही.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. नवीन टाक्या आणल्या आणि भरूनही झाल्या, पण भरण्याआधीची गोष्ट महत्त्वाची. कोऱ्या टाकीत हवा असते. तशीच प्रोपेन भरली तर ती हवा वर दबून बसते, प्रेशर उगाच चढतं आणि शेगडी पेटवायला गेलं की नुसती हवा येते. म्हणून आधी पर्ज करायची: प्रोपेनची वाफ, द्रव नाही, १५ पीएसआय (प्रेशरचं इथलं एकक) होईपर्यंत सोडायची, बाहेर काढायची, असं पाच वेळा. पहिल्या दुकानातला मुलगा थेट नळी लावायला निघाला होता, मी विचारलं पर्ज करणार का, तर त्याला शब्दच माहीत नव्हता. तिथून निघालो आणि डीलरकडे गेलो, त्याने न सांगता पाचही वेळा केलं.

घरी आणताना टाक्या उभ्या, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, व्हॉल्व्हला प्लग, खिडक्या उघड्या. आडवी पडली तर सेफ्टी व्हॉल्व्हपाशी वाफेऐवजी द्रव येतो, म्हणून उभीच हवी.

५ एप्रिल, शनिवार

आज रेग्युलेटर. हा ऑटोमॅटिक चेंजओव्हरवाला आहे, म्हणजे मधला खटका ज्या टाकीकडे वळवलेला तिच्यातून गॅस घेतो, ती संपली की आपोआप दुसरीतून, आणि वरची हिरवी खूण लाल होते. फक्त त्यासाठी दोन्ही व्हॉल्व्ह उघडे लागतात. यावर माझं मत आता असं झालंय की उन्हाळ्यात दुसरी बंद ठेवावी, पहिली संपली की शेगडी विझते, आपल्याला कळतं, आपण भरून आणतो. थंडीत मात्र दोन्ही उघड्या, आणि झोपण्याआधी ती खूण बघायची.

टाक्यांपासून येणारे दोन रबरी होज वाकवून बघितले तर वळणापाशी बारीक भेगा. होज बदलायचे ठरलेच. मग रेग्युलेटर उलटा केला. त्याला श्वास घ्यायला एक भोक असतं, ते खाली तोंड करून असायला हवं म्हणजे पाणी शिरत नाही. आमचं तोंड खालीच होतं पण त्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, पक्कं वाळलेलं. भोक बंद म्हणजे आतला पडदा मोकळा हलत नाही आणि प्रेशर कमीजास्त होतं. गेल्या वर्षी कुकरची शिट्टी व्हायला एवढा वेळ का लागायचा ते आज कळलं.

१२ एप्रिल, शनिवार

प्रेशर मोजायचं यंत्र विकत घेण्याआधी बाबांनी फोनवर सुचवलेलं करून बघितलं. बाबा आयटीआयमध्ये शिकवायचे, त्यांची ही आवडती गोष्ट: पारदर्शक नळी, फळीवर यू आकारात ठोकलेली, मागे मोजपट्टी, आत पाणी. पाणी दिसावं म्हणून चिमूटभर हळद घातली. शेगडीचा एक बर्नर काढून नळीचं टोक त्याच्या जेटवर घट्ट बसवलं, दुसरा बर्नर चालू ठेवला आणि नॉब उघडला.

इथल्या ट्रेलरच्या उपकरणांना ११ इंच पाण्याएवढं प्रेशर लागतं. ७० फॅरनहाइटला टाकीत १०० पीएसआयच्या वर प्रेशर असतं, तिथून ते अर्ध्या पीएसआयपेक्षाही खाली आणायचं काम हा मुठीएवढा रेग्युलेटर दोन टप्प्यांत करतो. आमच्या नळीत दोन्ही बाजूंच्या पाण्यात फरक आला साडेआठ इंच. बारा वर्षांच्या रेग्युलेटरकडून आणखी अपेक्षा नको, नवीन लावला, नवीन होज लावले, परत मोजलं. ११ ला थोडं कमी होतं, स्क्रू किंचित फिरवून बरोबर ११ केलं.

बाबांना फोटो पाठवला तर लगेच फोन. आपल्या घरगुती रेग्युलेटरचं प्रेशर ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असतं, ११ इंच पाणी म्हणजे २८. जवळजवळ तेवढंच की! बाबा एवढे खूश झाले की आईला बोलावून सांगितलं, आणि आईने विचारलं मग तिकडे भाकरी फुगेल ना.

फिटिंगबद्दल एक. टाकीकडचं मोठं प्लास्टिकचं नट फक्त हाताने आवळायचं, पाना लावायचा नाही. पितळी फ्लेअर नटला दोन पाने लागतात, एकाने धरायचं, एकाने आवळायचं, आणि तिथे टेप लावायची नाही, तिथे धातूवर धातू बसूनच सील होतं. टेप लागते ती फक्त आट्यांच्या पाइपला, आणि ती गॅसची पिवळी टेप.

१३ एप्रिल, रविवार

काल रात्री झोप लागेना म्हणून आज लीक टेस्ट. सगळी उपकरणं बंद, टाकीचा व्हॉल्व्ह उघडून परत बंद, आणि यू नळीकडे बघत बसायचं. लाइन पक्की असेल तर पाणी हलायला नको. दहा मिनिटांत एक इंच उतरलं. भांड्याच्या साबणाचं पाणी स्प्रे बाटलीत घेऊन प्रत्येक जोड भिजवला, आणि फ्रिजच्या मागच्या नटवर बारीक बुडबुडे. बाहेरच्या जाळीच्या बाजूला होतं म्हणून आत कधी वास आला नाही. पाव फेरा आवळला, बुडबुडे थांबले. परत टेस्ट, वीस मिनिटं पाणी जागेवर. त्या पाव फेऱ्यासाठी अख्खी सकाळ गेली आणि मला ती सार्थकी लागल्यासारखी वाटतेय.

मागे बघतोच तर फ्रिजच्या बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं होतं, ब्रशने काढलं. गॅस डिटेक्टरही बदलला, जुना २०१३ चाच होता आणि हे डिटेक्टर पाच ते सात वर्षांत निकामी होतात, हिरवा दिवा लागलेला असला तरी. तो जमिनीलगत असतो कारण प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, गळला की खालीच साचतो. आमच्या आधीच्या मालकाने त्यापुढे बूट ठेवायचं कपाट बसवलेलं. काढून टाकलं.

१६ मे, शुक्रवार

आईबाबा आलेत, आणि पहिली मोठी ट्रिप: मेरीलंडला मावसभावाकडे एक रात्र, मग व्हर्जिनियातलं शेनान्डोआ नॅशनल पार्क. बाल्टिमोरला रस्ता आधी ठरवून निघालो. तिथल्या हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री या दोन्ही बोगद्यांत १० पाउंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी असलेली गाडी न्यायला मनाई आहे, मग व्हॉल्व्ह बंद असो नाहीतर नसो. पूर्वी ट्रेलरवाले तिथल्या 'फ्रान्सिस स्कॉट की' नावाच्या पुलावरून जायचे. तो पूल २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून पडला, आता शहराला पश्चिमेकडून ६९५ या रिंग रोडने वळसा घालावा लागतो. नॅव्हिगेशन सारखं बोगद्याकडे वळवत होतं, बाबा पुढे बसून पाट्या वाचत होते. "डावीकडे नाही, सरळ, सरळ!"

चालत्या गाडीत मी टाक्या बंदच ठेवतो. फ्रिज चार-पाच तास न उघडता गार राहतो, आणि पेट्रोल भरताना फ्रिजची ज्योत पेटलेली राहिली अशी भीतीच नको.

१८ मे, रविवार, बिग मेडोज

बिग मेडोज म्हणजे शेनान्डोआतला कॅम्पग्राउंड. पार्कच्या थॉर्नटन गॅप प्रवेशद्वाराकडून आत आलो, मेरीज रॉकचा बोगदा लागतो, उंची १२ फूट ८ इंच, आमचा ट्रेलर आरामात जातो तरी मी मधोमध घेतला. इथे ट्रेलरला वीज-पाणी जोडून घ्यायची सोय (हुकअप) नाही, म्हणजे सगळं गॅस आणि बॅटरीवर.

सकाळी उठलो तर बाबा शेगडीचे दोन्ही बर्नर लावून हात शेकत बसलेले, खिडक्या बंद. मी आधी खिडकी आणि वरचा व्हेंट उघडला आणि मग सांगितलं. फर्नेसचा धूर बाहेर जातो, शेगडीचा आतच राहतो, आणि एवढ्याशा बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचला तर वासही येत नाही. बाबा ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "नाशिकच्या स्वयंपाकघराची सवय रे, तिथे दार उघडंच असतं." आज दिवसभर व्हेंट त्यांनीच उघडा ठेवलाय.

संध्याकाळी शेगडी एकदम मंद. क्षणभर वाटलं रेग्युलेटर गेला. पण दुपारी मी व्हॉल्व्ह झटक्यात उघडला होता, आणि असं केलं की जोडातला सेफ्टीचा अडसर लीक झालाय असं समजून गॅस जवळजवळ बंद करतो. सगळं बंद केलं, दोन मिनिटं थांबलो, हळूहळू उघडला, ज्योत निळी आणि भरपूर. आईने ज्वारीचं पीठ आणलंच होतं. भाकरी फुगली.

१९ जुलै, शनिवार

वजनाची नोंद. इंडियाला जाताना २३ किलोच्या बॅगा तोलायला घेतलेला लटकवायचा काटा बाबांनी शोधून काढलाय आणि आता भरून आणलेली प्रत्येक टाकी त्यावर टांगतात. "गॅसवाल्यासमोर मी सिलिंडर वजन करूनच घ्यायचो, १४.२ किलो म्हणजे १४.२." टाकीच्या कॉलरवर टीडब्ल्यू पुढे रिकामं वजन कोरलेलं असतं, काट्यावरच्या आकड्यातून ते वजा केलं की उरला तो गॅस. आज डाव्या टाकीचं वजन ३१.२, वजा १७.१, म्हणजे १४.१ पाउंड. आणि पैसे घेतले होते पूर्ण टाकीचे, ठरावीक भावाने. परत गेलो. त्यांनी काही वाद न घालता बाजूचा छोटा स्क्रू उघडून परत भरली, त्यातून पांढरी वाफ यायला लागली की ८० टक्के झालं, तिथे थांबवतात. उरलेले २० टक्के उन्हात द्रव फुगण्यासाठी मोकळे ठेवायचेच असतात. घरी ३६.८.

आजपासून आम्ही गॅलनवर भाव लावणाऱ्याकडेच भरणार. अर्धी टाकी घेऊन गेलं आणि अख्खीचे पैसे दिले तर नुसतंच नुकसान. २० पाउंड म्हणजे ४.७ गॅलन, तेवढं लक्षात ठेवलं की बिल बघून कळतं.

११ ऑक्टोबर, शनिवार, पोकोनोज (पेनसिल्व्हेनियातले डोंगर)

रात्री ३६ फॅरनहाइट. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे. पहाटे साडेचारला जाग आली, फर्नेसचा आवाज चालू, बाहेर जाऊन बघितलं तर खूण लाल झालेली. डावी संपली, उजवीने घेतलं होतं, आत कुणाला काही कळलंही नाही. खटका उजवीकडे फिरवला आणि परत येऊन झोपलो. सकाळी बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की मग आता चहा टाक.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हिवाळ्यासाठी बांधाबांध. टाक्या गॅरेजमध्ये किंवा तळघरात कधीच नाही, ट्रेलरवरच, बाहेर, उभ्या. व्हॉल्व्ह बंद, लाइनमधला गॅस शेगडीवर जाळून संपवला, रेग्युलेटरच्या भोकावर बारीक जाळी बांधली कुंभारणीसाठी, वर कव्हर. बुडाच्या कडीला रंगाचा एक हात दिला, कॉलरवरचे आकडे मात्र रंगाने बुजू दिले नाहीत. थंडीने टाक्यांना काही होत नाही, प्रोपेन उणे ४२ सेल्सिअसपर्यंत वाफ होत राहतं. आपल्या एलपीजीत ब्युटेनही असतं आणि त्याची वाफ होणं शून्याच्या आसपासच थांबतं.

आईबाबा गेल्या आठवड्यात परत गेले. आज सकाळी बाबांचा फोन, तब्येत-पाणी विचारून झालं आणि मग, "वजनं घेतलीस का?"

डावी ३६.९, वजा १७.१, गॅस १९.८. उजवी २६.४, वजा १७, गॅस ९.४. दोन्हींवर शिक्का ०१-२५, पुढची तपासणी जानेवारी २०३७. बाबांनी त्यांच्या डायरीत लिहून घेतलंय.